हेल्गाबाईच्या दारावरचं चक्र

आता विचारताच आहात तर सांगून टाकतो. नाहीतर हा घोळ माझ्याआधी आमची मंडळी सांगेल, आणि ती फार तपशिलात सांगते.

मागच्या डिसेंबरात आम्ही दोघं जर्मनीला गेलतो. आमची लेक ज्योती तिकडं रेगेन्सबर्गला असते. नाताळात गाव बघण्यासारखं असतं, या, म्हणून तिनं वर्षभर धोशा लावला होता. मांजरसुंब्याच्या चौकातून निघालेलो आम्ही दोन दिवसांनी एकदम डॅन्यूब नदीच्या काठावर उतरलो. गाव लई जुनं. दगडी पूल, दोन सुळक्यांचं चर्च, अन् एकमेकांच्या खांद्यावर रेलून उभी असावीत तशी घरं. पण पहिले तीन दिवस आम्ही ते सगळं खिडकीतूनच बघितलं. थंडी अशी, की बाहेर नाक काढलं की ते आपलं आहे का दुसऱ्याचं, हेच कळत नव्हतं.

लेकीचं घर दुसऱ्या मजल्यावर, लाकडी जिन्याचं. तिच्या बरोबर खाली पहिल्या मजल्यावर हेल्गा नावाची साठीची बाई अन् तिचे नव्वद वर्षांचे वडील. लई चांगली माणसं हायत, रविवारी ओळख करून देते, असं ज्योतीनं आल्या आल्या सांगितलं होतं. त्या म्हातारबाबांना आम्ही पाहिलं नव्हतं, पण त्यांचा खोकला पाठ झाला होता. रोज सकाळी सातला खालून यायचा. आपल्याकडं गाडी चालू होत नसली की कशी घुरघुरते, तसा.

चौथ्या दिवशी तो आला नाही.

आता माझ्याबद्दल एक गोष्ट तुम्हाला माहीत पाहिजे. मी निवृत्त गुरुजी. गावात कुणाचं काही बरंवाईट झालं की भेटायला जाणाऱ्यांत मी पहिला. किती वेळ गप्प बसायचं, 'कसं झालं' कधी विचारायचं, 'सोनं झालं' कुठल्या वयापासून पुढं म्हणायचं, हे मला बरोबर कळतं. निदान आपल्या जिल्ह्यात तरी कळतं.

लेक अन् जावई कामाला गेलते. मी कचऱ्याची पिशवी घेऊन खाली निघालो, अन् हेल्गाबाईच्या दारापाशी पाय थांबला. दारावर हिरव्या पानांचं गोल चक्र टांगलेलं, त्याला लाल फीत. आम्ही आलो त्या दिवशी ते नव्हतं. असलं चक्र मी जन्मात एकाच कामासाठी बघितलंय. तालुक्यातल्या जवानाचं पार्थिव आलं होतं, तेव्हा कलेक्टरसाहेबांनी वाहिलं होतं ते. दाराच्या बाजूला काचेच्या कंदिलात मेणबत्ती जळत होती, दिवसाढवळ्या. आणि उंबऱ्याबाहेर मधोमध म्हाताऱ्या माणसाचे जुने बूट. एकच जोड, पुसून लख्ख केलेला.

तुम्ही काय समजला असता?

मी पिशवी घेऊन तसाच वर आलो. बायको कांदा चिरत होती. तिला सांगितलं, तर तिनं सुरी खाली ठेवली, जिन्यातून वाकून स्वतः बघून आली, अन् हळूच म्हणाली, "बूट दानाचे दिसत्यात."

झालं. माझी खात्री होती, तिनं शिक्का मारला.

ज्योतीला फोन लावला, तिनं उचलला नाही. पुन्हा लावू का म्हणलं तर बायको म्हणाली, "लेकरू कामावर हाय, तिथं असली बातमी कशाला द्यायची? आपुन जाऊन येऊ." तेही खरं होतं. एका छपराखाली राहायचं, खाली माणूस गेलेलं, अन् आपण वर बसून पोहे खायचे? बीडची माणसं अशी नसतात. मी पांढरा सदरा घातला, टोपी घातली. बायकोनं साधं सुती लुगडं नेसून वर लेकीचं काळं स्वेटर चढवलं. आम्ही उतरलो अन् बेल दाबली.

हेल्गाबाईनं दार उघडलं. काळे कपडे, डोळे लाल, हातात रुमाल. तिला सर्दी झाली होती हे नंतर कळलं. त्या वेळी मी मान खाली घालून हात जोडले.

तिनं आम्हाला खालीवर बघितलं. मग एक बोट वर करून हळू आवाजात विचारलं, "योटी? फादर?"

योटी म्हणजे काय ते मला कळलं नाही. पण फादर कळलं, अन् आभाळाकडं केलेलं बोट तर जगात सगळ्यांना कळतं. मी डोळे मिटले, मीही बोट वर केलं अन् म्हणालो, "येस. फादर गॉन. गॉड्स हाऊस."

तिनं तोंडावर हात ठेवला. "नाइन," म्हणाली, "नाइन, नाइन..."

मला वाटलं, वय सांगती अन् हुंदक्यात अर्धा आकडा अडकला. म्हणून मीच पुरा केला. "नाइंटी. गुड एज," म्हणलं. आणि 'सोनं झालं' हे इंग्रजीत कसं सांगावं ते सुचेना, तर नुसतं "गोल्ड" म्हणालो.

तिनं आम्हाला आत नेलं. आम्ही सोफ्याच्या कडेला बसलो, अन् मी माझ्या पद्धतीनं गप्प राहिलो. इतकं चांगलं गप्प मी गावातसुद्धा कधी बसलो नव्हतो. तिनं कॉफी आणली, केकचे तुकडे आणले. मयताच्या घरी कोण खातंय? आम्ही हातानंच नको म्हणलं. ते बघून तिचे डोळे आणखीच भरले. मग आमच्या मंडळीला तिचे स्वतःचे वडील आठवले असावेत. तिनं उठून हेल्गाबाईला मिठी मारली अन् हेल काढून रडायला लागली. आपल्याकडं अशा रडण्यानं गल्ली गोळा होते. तिथं कुणी आलं नाही, पण हेल्गाबाईही रडली. दोघी बराच वेळ एकमेकींची पाठ थोपटत होत्या. मला खरंच भरून आलं. देश कुठला का असेना, बाप तो बाप, असं काहीतरी मनात आलं.

उठताना आपण 'येतो' म्हणत नाही. तसं काही न बोलता निघालो. ती दारात उभं राहून आम्हाला जिना चढताना बघत राहिली.

वर येऊन हातपाय धुतले. बायको म्हणाली, गेलो ते बरं झालं. मीही म्हणालो, बरं झालं.

संध्याकाळी पाचला जिन्यात धाडधाड पाय वाजले. ज्योती आत आली ती बूट न काढता, हातात पांढऱ्या फुलांचा गुच्छ अन् एक पाकीट. मी टेबलाशी भाकरी खात बसलो होतो. तिनं मला बघितलं अन् दारातच खाली बसली. तिला श्वास घेता येईना. बायको पाणी घेऊन धावली.

मला वाटलं, हिला खालची बातमी कळली. मी शांतपणे म्हणालो, "कळलं का तुला? आमी जाऊन आलोत भेटून. नव्वदीचे होते, सोनं झालं त्यांचं."

तिनं आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघितलं. मग म्हणाली, "आप्पा, ते आजोबा आत्ता जिन्यात भेटले मला. मेलात तुमी."

मग एकेक उलगडलं. योटी म्हणजे आमची ज्योती. त्या लोकांच्या जिभेवर 'ज'चा 'य' होतो. हेल्गाबाईनं वरच्या मजल्याकडं बोट करून विचारलं होतं, तुम्ही ज्योतीचे वडील का? आणि मी सांगितलं, वडील देवाघरी गेले. 'नाइन' म्हणजे त्यांच्यात 'नाही'. बिचारी 'नाही हो, नाही' म्हणत होती, अन् मी तिला वय सांगत होतो. आम्ही दोघं म्हणजे ज्योतीचे काका-काकू, बातमी घेऊन आलेले, असं तिनं धरलं. दिवसभर बिल्डिंगीत फिरून दुखवट्याच्या कार्डावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या. ज्योती कामावरून आली तर जिन्यात हेल्गाबाई फुलं घेऊन उभी, अन् गळ्यात पडून म्हणती, तुझ्या वडिलांचं फार वाईट झालं.

पोरगी एक मजला कशी चढली, तिचं तिला माहीत. त्या संध्याकाळी ती माझा हात सोडत नव्हती. मी डाव्या हातानं भाकरी संपवली.

पाकिटातलं कार्ड तिनं वाचून दाखवलं. अशी लेक घडवणारा बाप थोर असला पाहिजे, नव्वद वर्षांचं भरलेलं आयुष्य, वगैरे. स्वतःच्या दुखवट्याचं कार्ड ऐकायला मिळणं सगळ्यांच्या नशिबी नसतं. मला निवृत्तीच्या निरोप समारंभातसुद्धा इतकं चांगलं कुणी म्हणलं नव्हतं.

मग आम्ही तिघं माफी मागायला खाली गेलो. हेल्गाबाईनं मला बघून परत तोंडावर हात ठेवला. म्हातारबाबा खुर्चीत बसलेले, ठणठणीत. आदल्या रात्री दुसऱ्या लेकीकडं मुक्कामाला गेलते, म्हणून खोकला गायब. चक्र अन् मेणबत्ती नाताळची. बुटांचं असं, की डिसेंबरात त्यांचा एक संत येतो अन् दाराबाहेर ठेवलेल्या बुटांत खाऊ टाकून जातो. तो लेकरांचा सण, पण बाबा या वयातही बूट पुसून ठेवतात. ज्योतीनं सगळा घोळ सांगितला, तसे ते इतके हसले की खोकला सुरू झाला.

निघताना हेल्गाबाईनं मला नीट निरखलं अन् ज्योतीला काहीतरी म्हणाली. ज्योती सांगेना. मी लावून धरलं, तेव्हा म्हणाली, "म्हणती, नव्वदीच्या मानानं तुमचे आप्पा तब्येत राखून हायत."

मी त्रेसष्ट वर्षांचा आहे. ज्योतीला म्हणलं, सांग तिला. पण तेवढ्यात म्हातारबाबा काठी घेऊन उठले. बरोबरीचा माणूस भेटल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर दिसत होता. त्यांनी माझा दंड घट्ट धरला, अन् प्रत्येक पायरीला थांबत, मला दम खाऊ देत, वरच्या मजल्यावर आणून सोडलं. आमची मंडळी मागून येत होती. तिनं एका शब्दानं त्यांना अडवलं नाही.