शेऱ्याच्या खाजेवर सगळ्यांचे इलाज

"आई, बास झालं! उद्या दौंडला न्हेऊन सोडतो त्याला. टेशनावर लय कुत्री हायत, जगंल तिथं."

"तू सोड, मी परत आणते. एसटी मलाबी कळती!"

परवाच्या शनिवारचं हे भांडण. संजू माझा थोरला, रांजणगावला कंपनीत कंत्राटावर आहे. शेऱ्या आमचं काळं कुत्रं. वर्षभर अंग खाजवतंय. त्याचे जेवढे केस गळाले, तेवढे किस्से माझ्याकडं जमा झाले. आधी ते ऐका, मग भांडणाकडं येते.

*

पहिला इलाज शेजारच्या आप्पांचा. ट्रॅक्टरचं जळकं ऑइल डब्यात घेऊन आले. "चोपडा! शंभर टक्के गुण!" मी रानात होते, संजूनं चोपडलं. कुत्र्यानं अंग चाटलं आणि दोन दिवस ओकत पडलं.

आप्पा बघायला आले. "ओकतंय म्हंजी रोग भाईर पडतुया."

डबा त्यांच्या हातात दिला. म्हटलं, "उरल्यालं तुम्ही प्या, आप्पा. तुमच्यातबी भाईर पडण्यासारखं लय हाय!"

महिनाभर बोलले नाहीत. तेवढाच काय तो गुण आला.

*

मग शिरूरला मेडिकलमध्ये गेले. खाजेची ट्यूब मागितली.

"पेशंटचं वय?"

"पाच."

"जेवतो का नीट?"

"जेवतो. पन चपलाबी खातो."

त्यानं ट्यूब परत कपाटात ठेवली. "आजी, माणसाचं औषध कुत्र्याला लावू नका. जनावरांच्या दवाखान्यात जा." गिऱ्हाईक घालवून खरं बोलणारा वर्षभरात हा एकच माणूस भेटला.

*

जनावरांच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, माझी नात शोभाव्यात एवढ्या. कातडी खरवडून काचेखाली बघितली. "खरजेचे किडे नाहीत, आजी. कुणाला लागणार नाही." पिसवांचं औषध मानेवर टाकलं. म्हणाल्या, "ॲलर्जी असू शकते. पुण्यातल्या टेस्ट महाग पडतील. आधी घरच्या घरी बघू. आठ आठवडे नुसता भात आणि उकडलेलं अंडं. चपाती, दूध, बिस्किट, कोंबडी बंद. एक घास चुकला तरी सगळं पाण्यात!"

मी शाळेची पायरी चढलेली नाही. अक्षरं पोरांच्या पाट्या बघून शिकले. त्याच अक्षरांत दारावर खडूनं लिहिलं: 'कुत्र्याला काही घालू नका. विचारू पण नका.'

दुसऱ्याच दिवशी वाड्यावरच्या काकी बिस्किटाचा पुडा घेऊन हजर. "एका बिस्किटानं काय हुतंय, बाई?"

"हेच तुमच्या शुगरला सांगा!"

*

शेऱ्याला लव फुटू लागली. पण रविवार उजाडला की रक्त निघेस्तोवर खाजवायचा. मी कॅलेंडरवर फुल्या मारल्या. पाच फुल्या, पाचही रविवारी. कुत्र्याला वार कळतो का?

म्हणून शनिवारी दुपारी गोठ्यामागं जाऊन बसले.

फर्स्ट शिफ्ट सुटली. रस्त्यावर गाडी थांबली. डब्यातून तेल लावलेली चपाती निघाली. "खा बाबा, खा. पर्मनंट कर."

साडेसातीवरचा उतारा! शनिवारी काळ्या कुत्र्याला तेलाची चपाती. ज्योतिषानं सांगितलेला. आणि घालणारा कोण? माझा संजू!

*

तिथंच तोंड लागलं.

"एकच तर असती, आई."

"पाच आठवडे मी अंडी उकडत बसले, आन् तू मागनं चपात्या चारतोस? वर त्यालाच दौंडला सोडनार? मग शनवारी काय करशील?"

"दुसरं काळं कुत्रं बघीन."

असं म्हणाला! माझ्या पोटचा!

सून दारात येऊन उभी राहिली. कडेवर नातू. संजूला जोर चढला. "ह्या पोराला लागली म्हंजी? खरजुलं घरात ठेवायचंच कशाला?"

"डॉक्टरनी सांगितलंय, लागत न्हाई."

"त्यांना काय, त्यांच्या घरात हाय का? मला शिकवू नको. अंगाला असलं झाल्यालं घरात नको म्हंजी नको!" गोठ्यातला दोर घेऊन तो शेऱ्याच्या गळ्यात बांधायला वाकला. शेऱ्या शेपूट हलवत होता, त्याला वाटलं अजून चपाती आहे.

मी दोर धरला नाही. आवाजही चढवला नाही. एवढंच म्हटलं, "संजू, तू सा वर्सांचा असताना तुला खरूज झाली हुती, तवा तुझा बापबी हेच म्हणला हुता."