पातळ केलेला रस्सा

धरणगावच्या कापसाच्या जिनिंगजवळच्या त्या खानावळीत फक्त शेवभाजीचा रस्सा मिळतो. भाकरी ज्याची त्याने घरून आणायची. बाकड्यावर बसायचं, ताटात भाकरी चुरायची आणि वर रस्सा ओतून घ्यायचा. माझे वडील, आमचे आबा, जिनिंगमध्ये कामाला होते तोवर रोज दुपारी इथेच जेवायचे. तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि सात महिने त्यांनी घराबाहेर एक घास खाल्ला नाही. चारचौघांत तोंडातून ओघळतं याची लाज वाटायची त्यांना. त्या दिवशी मात्र स्वतःहून चल म्हणाले. मी फडक्यात भाकरी बांधल्या.

त्यांचं तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं. सोसेल तेवढं तिखट खा, असं डॉक्टर म्हणाले होते. पण हा रस्सा धडधाकट माणसाला घाम फोडतो. जिनिंगमधल्या जुन्या सोबत्यांसमोर ठसका लागून सगळं बाहेर आलं, तर आबा पुन्हा कुठे जेवायला बसायचे नाहीत, एवढंच माझ्या डोक्यात. ते हात धुवायला गेले तशी मी चुलीपाशी गेले आणि मालकांना म्हटलं, "नाना, आबांच्या वाटीत गरम पाणी घाला."

"बेटा, त्याले कळी जाई."

"नाही कळत. घाला तुम्ही." मी जवळजवळ दटावलंच.

आबांनी भाकरी अगदी बारीक चुरली. समोरचे दोघे सोबती बोलायचे थांबले आणि आपापल्या ताटात बघू लागले. पहिला घास आत गेला. आबा बराच वेळ चघळत राहिले, मग त्यांचा हात ताटातच थांबला.

"हाऊ रस्सा मन्हा नही."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. शेवटी मीच कबूल केलं. आबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या ताटात खरा रस्सा आला. ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, हनुवटीवरून लाल ओघळ थेट सदऱ्यावर उतरला. मी रुमाल काढला, तर त्यांनी माझा हात खाली दाबला. एका सोबत्याने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला आणि कापसाच्या भावावरचं बोलणं पुन्हा सुरू केलं. अर्धा तास लागला, पण आबांनी ताट पुसून खाल्लं.

मला इतका आनंद झाला की रस्ताभर मी बडबडत सुटले. उद्याही येऊ, मी सुट्टी काढते, म्हटलं.

आबा चालता चालता थांबले. "सकाय मी एकलाच येसू."