सोनिवलीच्या अनंताशेठांचे रसव्रत

सोनिवलीत अनंताशेठ भोईरांची ख्याती जमिनीमुळे नव्हती. जमीन केव्हाच बिल्डरच्या टॉवरखाली गेली होती. ख्याती होती ती त्यांच्या दातांची. तुळशीचे लग्न लागले, अक्षता पडल्या, की मांडवाचा ऊस अनंताशेठांच्या हाती यायचा. पहिल्या पेरापासून शेंड्यापर्यंत ते तो दातांनी सोलीत आणि मगच आळीतल्या मुलांना कांडी मिळे. पासष्टी उलटली तरी त्या दिवशी अंगणात कोयत्याला मज्जाव असे.

शेती सुटल्यावर त्यांना प्रकृतीची चिंता जडली. स्वतःच्याच पूर्वीच्या शेतात, टॉवरच्या कुंपणाभोवती, ते प्रभाती फेऱ्या घालू लागले. फाटकाशी कॅम्प पाच या शेजारच्या सिंधी वस्तीतला हरेश ज्यूसची गाडी लावी. टॉवरमधल्या योगगुरूंनी एकदा प्रवचनात सांगितले, की रस प्यायचा नसतो, चावायचा असतो. अनंताशेठांनी ते वचन शिरोधार्य मानले. आवळा, लिंबू, मोसंबी यांच्या मिश्रणाचा मोठा ग्लास घेऊन ते बाकावर बसत, डोळे मिटत आणि एकेक घोट प्रत्येक दाताला प्रदक्षिणा घडवून मगच गिळीत. ग्लास संपायला तास लागे.

हरेश नळी पुढे करी. "शेठ, स्ट्रॉ लो ना."

"नळीनं पोरं पितात रं!"

आणि घरी येताच, तोंडातले आंबटपण जाण्याआधीच, ते राखुंडीने दात खसाखसा घासत. पत्नी वेणूबाईंसाठी एकदा त्यांनी रसाचे पार्सल आणले, तर ती माउली म्हणाली, "माला मोसंबी आणा. सोलून खाईन."

दिवाळीत माठातल्या पाण्याचा घोट घेताच अनंताशेठ कळवळले.

"अवो, पानी पिताय का विंचू गिलताय?" वेणूबाईंनी विचारले आणि त्यांना कॅम्प पाचला दातांच्या डॉक्टरांकडे पिटाळले.

डॉक्टर उन्नती तरुण आणि स्पष्टवक्ती होती. "काका, रोज खट्टं काय घेता?"

"खट्टं नाय, औषध. फलांचा ज्यूस."

रसाची आणि उसाची सगळी हकिगत ऐकून तिने कपाळाला हात लावला. "फळातल्या आम्लानं दातावरचं कवच नरम पडतं. तुम्ही तासभर दात त्यात भिजवता, आणि मग नरम झालेलं कवच घासून काढता! झिजलेलं ते परत येत नाही, काका. अख्खं फळ खा. ज्यूस हवाच, तर जेवणाबरोबर थोडा, पटकन. मग साध्या पाण्यानं चूळ भरा आणि निदान अर्धा तास ब्रश नको."

"पन नैसर्गिक हाय ना ते?"

"लिंबानं तांब्याचा हंडा घासतात, तेही नैसर्गिकच! आणि यंदा ऊस दातांनी सोलायचा नाही."

प्रकृतीच्या बाबतीत एक वेळ अनंताशेठांनी ऐकले असते. प्रतिष्ठेच्या बाबतीत ऐकणे त्यांना शक्य नव्हते.

तुळशीचे लग्न लागले. मुले रिंगण धरून बसली. अनंताशेठांनी ऊस उचलला, परंपरेप्रमाणे मिशीवरून हात फिरवला आणि पहिल्या पेरात दात रोवले. दातांतून निघालेली वीज थेट ब्रह्मरंध्रापर्यंत गेली. डोळ्यांतून घळाघळा धारा लागल्या.

"बगा!" शेजारचे बुधाजी गहिवरून म्हणाले. "तुलस सासरी चालली म्हनून शेठ रडतान!"

अनंताशेठांनी हा मान मूकपणे स्वीकारला. मात्र ऊस अजून जसाच्या तसा हातात होता आणि मुलांच्या नजरा त्याच्यावर खिळल्या होत्या. दुसरा चावा घेण्याची त्यांची छाती होईना.

वेणूबाई पुढे आल्या. "द्या हिकडं. तुमी रडून घ्या." पदर खोचून त्यांनी दातांनी चर्रकन पहिली साल ओढली, दुसरी ओढली, आणि पाहता पाहता पेर पांढरेशुभ्र झाले. मुले 'आजी, माला! आजी, माला!' करीत अनंताशेठांना ओलांडून पलीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरेशने सवयीने मोठा ग्लास काढला.

"ग्लास ठेव," अनंताशेठ म्हणाले. "मोसंबी दे. अख्खी."

"छीलके दूँ, शेठ?"

अनंताशेठांनी आजूबाजूला पाहिले आणि आवाज उतरवला. "नको. घरी हाय सोलनारी."