चार नंबरच्या खाटेआधी

"हात दाखव," साहेब म्हणाले. भर वॉर्डात.

मी दाखवले. दोन्ही. शाळेत नखं तपासतात तशी उभी राहिले.

"बघा. ह्या हातांनी पेशंट जातात. ह्यांना कितीही शिकवा, वस्तीतली घाण घेऊनच येणार."

चार नंबरची खाट मोकळी होती. पहाटेपर्यंत तिच्यावर लक्ष्मी होती. विडी वळणारी पोरगी, सिझर झालेली. पाचव्या दिवशी टाके लाल झाले, मग पू, मग ताप. ताप उतरलाच नाही. बाळ तिच्या आईच्या मांडीवर राहिलं.

आणि मी काय म्हणाले? "चुकलं साहेब." वर हात जोडले! काय चुकलं ते ठाऊक नव्हतं. पण ते दवाखान्याचे मोठे डॉक्टर, मी तिथली आया. एवढ्यावर माझा गुन्हा शाबित. घरी जाऊन मी येडीनं राखेनं हात घासले, कातडं सोललं. आठ दिवस स्वतःच्या पोराला घास भरवला नाही. भाकरीला हात लावेना, म्हणून नवऱ्यानं थापली. थापली कसली, जोंधळ्याचा चिखल केला.

आता तिथली रीत सांगते. राउंडला साहेब पुढं, सिस्टर मागं, सगळ्यात मागं मी. एका हातात पाण्याचा जग, दुसऱ्यात बादली, खांद्यावर धुतलेला टॉवेल. साहेब एक नंबरपासून बारापर्यंत बोटांनी जखमा दाबत जायचे. बारा झाले की वळायचे. मी पाणी ओतायची, ते कोपरापर्यंत साबण लावायचे. मग चहा. बारा बायांची घाण साहेबांना लागू नये म्हणून ते पाणी. बायांना एकमेकींची लागू नये म्हणून थेंब नाही. आणि मी जग घेऊन सात वर्षं मागं मागं चालत होते. डोळे होते की मला! तीन नंबरच्या पुवातली बोटं चारच्या टाक्यांवर जाताना बघितलेली. पण साहेबांचे हात मळतात, हे माझ्या डोक्यातच येत नव्हतं.

मग तपासणी झाली. आया, झाडूवाल्या, सगळ्यांची बोटं काचेच्या बशीतल्या जेलीच्या थरावर टेकवून घेतली. त्या बशांत जंतू उगवतात म्हणे. चार दिवसांनी सिस्टरनं मला चादरींच्या खोलीत ओढलं.

"मावशी, लक्ष्मीच्या जखमेतला जंतू तुमच्या कुणाच्याच हातावर नाही. तीन नंबरच्या पुवात आहे."

"आन् सायबांची बशी?"

सिस्टर चादरींच्या घड्या नीट करायला लागली. "त्यांची घ्यायला सांगितलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी चारवर नवी पोरगी. अक्कलकोटच्या पलीकडची, कानडी बोलणारी. आदल्या दिवशीच सिझर. साहेबांनी तीनची जखम दाबली आणि वळले. मी दोन खाटांच्या मधे शिरले. बादली खाली ठेवली. जग पुढं धरला.

"सायेब, हात."

"बाजूला हो."

"आदी धुवा."

"कुणाशी बोलतीस? उद्यापासून येऊ नकोस."

"उद्याचं उद्या. आज न धुता ह्या पोरीला हात लावायचा न्हाय."

पोरीनं चादर गळ्यापर्यंत ओढली. साहेब हलेनात. मी हलेना. मग सिस्टरनं माझ्या खांद्यावरचा टॉवेल काढला, स्वतःच्या हातावर पसरला आणि माझ्या शेजारी उभी राहिली. साहेबांनी हात पुढं केले. मी पाणी ओतलं. लई ओतलं. बुटांवर गेलं, ते मुद्दाम.

नोकरी गेली. ती पोरगी बाळ घेऊन आपल्या पायांनी घरी गेली, हे सिस्टरनं घरी येऊन सांगितलं.

लक्ष्मीच्या आईला मात्र कुणीच काही सांगितलं नाही. आयाच्या हातानं पोर गेली, हेच तिच्या कानावर. मीही गेले नाही. नोकरी घालवायला धजले, एक गल्ली ओलांडायला नाही. अशी शूर मी.

त्याला लई वर्षं झाली. आता सोमवारी दवाखान्यात माझा गुडघा बदलायचाय. नात म्हणते, "आज्जी, तिथं तोंड बंद ठेव हं. आता खाटेखाटेला हात धुवायची बाटली असते."

बघून आले मी. बाटली गच्च भरलेली. म्हणजे कुणी दाबतच नाही. तोंड बंद ठेवायची नाही मी. माझ्या खाटेपाशी नाही, शेजारणीच्याही नाही.

आणि गुडघा बरा झाला की विडीवाल्यांच्या वस्तीत जाणार. दार न् दार विचारत. लक्ष्मीचं ते बाळ आता पोराबाळांचं धनी असेल. त्याला समोर बसवून सांगणार, तुझी आई कुणाच्या हातानं गेली. आणि ते बघून सात वर्षं गप्प कोण होतं, तेही.