बारशाची कुंची

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, देवापुढंसुद्धा नाही. तुम्हाला लिहून सांगतेय.

माझं सासर शिरोळचं. महापुरानंतर घरातली ओल काही जाईना, म्हणून कपड्यांच्या ट्रंकेत मी मूठ मूठ डांबरगोळ्या टाकायची. त्याच ट्रंकेत माझ्या लेकाची कुंची होती. धाकट्या भावाला मुलगा झाला, तेव्हा आत्याचा मान म्हणून तीच बारशाला नेली. धुतली होती का? नाही. उन्हात तरी टाकायची — तेवढंही केलं नाही. मंगळवार पेठेतल्या माहेरच्या घरी सगळ्यांनी कौतुक केलं, आणि बाळ तिच्यातच गुरफटून झोपू लागलं.

दोन-तीन दिवसांत बाळ हळदीसारखं पिवळं पडलं. लंगोटात लघवी चहाच्या रंगाची.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतायत, त्यांचा रंग रक्ताच्या पाण्यात सुटा झालाय; काही मुलांच्या पेशी जन्मतः नाजूक असतात, त्यांना थोडंसं कारण पुरतं. मग एकेक विचारू लागले — ताप? आईनं काही गोळी घेतली? डांबरगोळ्यांतले कपडे?

"न्हाय वो, आमच्यात कोण वापरत न्हाय," आमची आई म्हणाली.

बाळाच्या अंगावरून काढलेली कुंची माझ्या पिशवीत होती. पिशवीचं तोंड मी मुठीत आवळून धरलं. बाळ गेलं तर? मीच मारलं म्हणतील — दुसरं काही सुचेचना. इतकी मी भ्याले.

भावजयीनं, रूपालीनं, मात्र खरं ते सांगितलं. लघवीला जळजळ होते म्हणून तिनं गोळी घेतली होती. "त्यानंही होऊ शकतं," एवढंच डॉक्टर म्हणाले. आमच्या घरानं तिथंच निकाल लावला — दोष तिच्या दुधाचा.

बाळाला रक्त चढवलं. ते जगलं. आता शाळेत जातं, 'आत्या' म्हणत येऊन बिलगतं — आणि मला धडकी भरते.

पण गप्प बसले, एवढंच असतं तर? घरी सोडताना डॉक्टरांनी मला एकटीला सांगितलं होतं — गोळी बंद केलीय, आता आईनं बाळाला अंगावर पाजायला हरकत नाही. घरी आलो. बाळ भुकेनं रडत होतं, रूपालीचा पदर दुधानं भिजलेला. तिनं मला जवळ बोलावलं.

"वन्सं, माझ्याच दुधातनं गेलं व्हय त्याला? आता पाजू का नगं?"

तिच्या दुधानं बाळाला काही झालं नसतं, तर सगळे पुन्हा कारण शोधायला लागले असते. हे मला तेव्हा कळत होतं. स्वच्छ कळत होतं.

"नको," मी म्हणाले.

तिनं बाळ माझ्या हातात दिलं, आणि भिंतीकडं तोंड करून बसली.