शनिवारची हळद

आमच्या घरात मुहूर्त बघत नाहीत, याचा माझ्या वडिलांना कोण अभिमान! आम्ही बौद्ध. धर्मांतराच्या वेळी आजोबांनी घरातले देव टोपलीत घालून गोदावरीत सोडले, ही गोष्ट वडील घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर ऐकवायचे. माझं लग्न ठरलं तेव्हाही त्यांनी पंचांग न मागवता भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढलं. त्या साली सव्वीस जानेवारी सोमवारी येत होती. सातपूरच्या कारखान्यांना सुटी, कचेऱ्यांना सुटी, आमच्या कॉलनीचं समाजमंदिर मोकळं. "प्रजासत्ताक दिन! याहून चांगला दिवस कुठला?" वडील म्हणाले, आणि तारीख ठरली.

आदल्या दिवशी, म्हणजे रविवारी सकाळी, मला बेचाळीस किलोमीटर पळायचं होतं. ते मी तेव्हाच सगळ्यांना स्पष्ट सांगितलं. सगळे हसले. थट्टा वाटली असावी.

थट्टा नव्हती. शहरातल्या एका क्रीडा मंडळानं पहिल्यांदाच पूर्ण अंतराची मॅरेथॉन ठेवली होती. त्र्यंबक रोडनं अंजनेरीपर्यंत जायचं आणि परत यायचं. बायकांमध्ये पूर्ण अंतरासाठी माझं एकटीचंच नाव होतं. बाकीच्यांसाठी छोटी शर्यत होती आणि मीही तीच पळावी असं मंडळाच्या सेक्रेटरींनी मला दोनदा सुचवून पाहिलं. मी दोन्ही वेळा नाही म्हटलं. लग्नानंतर नोकरी, स्वयंपाक आणि सासर यांतून पहाटेचे दोन तास कोण मला काढू देणार होतं? पळायचं तर आत्ताच, हे मला पक्कं ठाऊक होतं.

गंमत म्हणजे होणारा नवराही त्याच शर्यतीत होता. तो सातपूरला टर्नर, मी शेजारच्या कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट. पहिल्या पाळीच्या बसगाड्या यायच्या आधी आम्ही दोघंही त्या रस्त्यावर पळायचो, तिथेच ओळख झाली. दोन्ही घरं एकाच समाजातली, त्यामुळे कुणी फारशी खळखळ केली नाही. आणि एक गोष्ट आत्ताच सांगून टाकते, कारण नंतर ती कुणी सांगितली नाही. चढ आला की तो मागे पडायचा. दर वेळी. मी वर जाऊन थांबायची, तो धापा टाकत यायचा.

लग्नाची कामं आणि सराव यांची सांगड मी माझ्या परीनं घातली होती. पत्रिका वाटायचं काम मागून घेतलं. पाठीला कापडी पिशवी बांधून पळत नाशिकरोडला गेले, पळत पंचवटीत गेले. घामानं काही पत्रिकांचा लाल रंग फुटला आणि चुलत्यांच्या पत्रिकेवरचं त्यांचं नावच पुसलं गेलं, त्यावरून ते रुसले. केळवणांना तर अंत नव्हता. प्रत्येक घरी गोडाचं जेवण, नको म्हटलं की "सासरी गेल्यावर कोण आग्रह करणार गं तुला?" आणि पानात आणखी एक पुरणपोळी. दुसऱ्या दिवशी पहाटे ती पुरणपोळी घेऊन मी सातपूरच्या पुढे पळायची. मामी म्हणायची, उन्हानं काळी पडलीस, फोटोत दिसणार नाहीस. त्याला असं कुणी म्हणाल्याचं ऐकिवात नाही. तोही त्याच उन्हात होता.

शनिवारी संध्याकाळी होणाऱ्या सासूबाई चार बायकांना घेऊन दारात आल्या. हातात वाटी. नवऱ्या मुलाला लावून उरलेली हळद, उष्टी हळद, नवरीला लावायची असते. आमच्याकडे हळद रविवारी संध्याकाळी ठरली होती. म्हणून तर मी निर्धास्त होते! सकाळी पळून येईन, आंघोळ करीन आणि पाटावर बसेन. "म्हटलं, एक दिवस आधीच उरकू," असं म्हणत त्यांनी माझ्या गालांना, हातांना हळद फासलीसुद्धा. विंचूरहून आलेली माझी आत्या मागून म्हणाली, "आता बाई उंबरा ओलांडायचा नाय. हळद लागली का नवरी घरातच हाय. लय वाईट असतं ते."

मी वडिलांकडे पाहिलं. हेच ते, पंचांगाला हात न लावणारे! त्यांनी पेपर वर धरला. पाहुण्या गेल्यावर म्हणाले, "त्यांच्या घरून आलंय. परत कसं पाठवायचं?"

"देव नदीत सोडता आले आणि वाटीभर हळद परत पाठवता येत नाही?" मी विचारलं.

"आजचा दिवस वाद नको," ते म्हणाले.

मला अजून लोक विचारतात, मग ऐकलंस कशाला? सरळ निघून जायचं. सांगायला काय जातं! आत्या रविवारी पहाटेपासून उंबऱ्यात सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती, तिला ओलांडूनही गेले असते. पण दुसऱ्या दिवशी मांडवात एखादी कनात जरी पडली असती, तरी जन्मभर खापर माझ्या पळण्यावर फुटलं असतं. आईनं हात जोडले. मी मागच्या खोलीत जाऊन बसले. माझा नंबर छापलेला कापडी तुकडा शर्टाला पिनांनी लावून ठेवला होता, तो तसाच खुंटीवर राहिला.

दुपारी तो आला. लंगडत, गळ्यात पदक, चेहरा अजून पिवळा. त्यालाही हळद लागली होती, पण नवरदेवाच्या हातात अडकित्ता दिला की त्याला बाहेर जाता येतं म्हणे. सासूबाईंनी त्याच्या चड्डीच्या नाडीला अडकित्ता बांधून दिला होता. तो सांगत होता आणि घर हसत होतं. रस्ताभर लोक ओरडत होते, "नवरदेव आला, नवरदेव आला!" पिंपळगाव फाट्यावर कुणीतरी हार घातला. आत्यानं त्याची दृष्ट काढली. वडिलांनी पाठ थोपटली.

"अगं, जावईबापूंचे पाय सुजलेत," आई मला म्हणाली. "घमेल्यात गरम पाणी आण, मीठ घालून."

मी आणलं. त्याच्यासमोर ठेवलं.

"सकाळी तुला शोधलं मी," तो म्हणाला. "वाटलं, घाईगडबडीत राहून गेलं असेल." मग वडिलांकडे वळून, "मलाही जमलं नसतं हो. हळद आजच होती ना! मीच आईला म्हटलं, शनिवारी उरकून टाक, म्हणजे माझा रविवार मोकळा."

"आणि तुझी उरलेली हळद कुठे जाते?" मी विचारलं. सगळ्यांसमोर त्याला तू म्हटलं म्हणून आईनं डोळे मोठे केले.

त्यानं माझ्या पिवळ्या हातांकडे पाहिलं. "ते माझ्या लक्षातच आलं नाही गं," तो म्हणाला.

खोटं बोलत नव्हता. त्याचाच जास्त संताप आला. मुद्दाम केलं असतं तर भांडले असते, लग्न मोडलं असतं. पण इतके महिने शेजारी पळणारी मी त्याच्या डोक्यात आलेच नव्हते, आणि उद्या मला याच माणसाशी लग्न करायचं होतं.

मी त्याच्यासमोर स्टूल ओढलं, त्याचे पाय बाजूला सारले आणि माझे दोन्ही पाय त्या पाण्यात घातले.

"अगं, हे काय!" आई ओरडली.

"माझेही दुखतायत," मी म्हटलं. "सकाळपासून घरात बसून."