पेटी उघडणारी बाई

मंठाळच्या समाजमंदिरात बाहेरून आलेल्या एका टोळीने तरंगांची पेटी मांडली होती. तिच्यावर रोज पाय ठेवला की शुगर जाते, गोळ्या बंद करा, असं ते माईकवरून सांगत होते. मी शाळेत विज्ञान शिकवतो. मला हसू आलं आणि मी उठलो. असल्यांच्या नादी कशाला लागायचं?

"सर, कामून उठायलाव?" शेजारी बसलेल्या बाईने माझी बाही धरली. बाजारात ती मिक्सर, पंखे दुरुस्त करायची. मी रोज बघायचो, नाव कधी विचारलं नव्हतं. गिऱ्हाइकाशी बोलताना ती मान वर न करता स्क्रूड्रायव्हर पदराला पुसत राहायची. आज मात्र ती थेट माझ्याकडे बघत होती.

"माझ्या अक्कानं ह्यांचंच ऐकून गोळ्या सोडल्या. पाय कापावा लागला. तवाबी शिकलेली माणसं हसून घरी गेली. तुमचं हसू आमच्या काय कामाचं?"

ती तडक पुढे गेली.

"उघडली की शक्ती जाते," म्हणत टोळीतल्या एकाने पेटी धरली.

"हात काढ!"

तिने चार स्क्रू काढले. आत लाल दिवा, बॅटरी आणि दोन चुंबकं. "सांगा आता सगळ्यांना," म्हणत तिने माईक माझ्या हातात कोंबला.

मी माईक तोंडाशी धरला. मला त्या टोळीपेक्षा स्वतःचाच राग जास्त आला होता. "गोळ्या कुणी कुणी सोडल्यात?" मी विचारलं.

बरेच हात वर आले. त्यात एक आमच्या हेडमास्तरांचा होता.